साठीनंतर डोकं शाबूत ठेवायचं, तर सुरुवात दंडापासून

विसरभोळेपणाचा विषय निघाला की घरात तीन उपाय ठरलेले असतात: भिजवलेले बदाम, पेपरातलं शब्दकोडं आणि ब्राह्मीचं तेल. तिन्हींनी बिघडत काही नाही. पण अलीकडच्या मोठ्या अभ्यासांचं बोट भलत्याच जागांकडे जातं: दंडावरचा रक्तदाब, कान, डोळे, पाय. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी आणि माणसाला बदलता येणारी १४ कारणं मांडली. ती सगळी आवरता आली तर जगातले सुमारे ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा दुखणं लांबेल, असा त्यांचा हिशेब आहे. भारतात साठीपुढच्या शंभरांतल्या सातांहून जास्त लोकांना स्मृतिभ्रंश आहे. शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा बायकांत त्याचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणजे हा आजार बेळगाव शहरातल्या टिळकवाडीच्या बंगल्यांपुरता नाही, जिल्ह्यातल्या खानापूर-हुक्केरीच्या वस्त्यांचाही आहे.

साठीची वाट मात्र बघू नका. रक्तदाब चाळिशी-पन्नाशीत वाढतो आणि त्याची वसुली सत्तरीत होते. खालचा क्रम मुद्दाम ठेवला आहे. ज्याचा पुरावा भक्कम आणि खर्च कमी, ते आधी.

दंडाला पट्टा

मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या केसापेक्षा बारीक असतात. वर्षानुवर्षं जास्त दाब सोसून त्या कडक होतात, आतला मार्ग अरुंद होतो आणि मेंदूचा खोलवरचा भाग थोडाथोडा उपाशी राहतो. बाहेरून काही कळत नाही, डोकंही दुखत नाही. अमेरिकेतल्या 'स्प्रिंट माइंड' अभ्यासात (२०१९) नऊ हजारांवर माणसं होती. निम्म्यांचा वरचा आकडा १४० च्या आत ठेवला, निम्म्यांचा १२० च्या आत. १२० वाल्यांमध्ये स्मृती ढासळण्याची पहिली पायरी १९ टक्क्यांनी कमी दिसली. आपल्याला जास्त लागू पडणारा अभ्यास चीनमधला आहे. तिथल्या ३२६ खेड्यांतल्या जवळपास ३४,००० लोकांपैकी अर्ध्या खेड्यांत गावपातळीच्या आरोग्यसेवकांनीच गोळ्या, मोजणी आणि पाठपुरावा सांभाळला. चार वर्षांत त्या खेड्यांमध्ये स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी निघाला. हे २०२५ मध्ये छापून आलं. मोठ्या इस्पितळाशिवाय झालेलं काम आहे हे, म्हणून इथे सांगितलं.

यंत्र दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं नको. दीड-दोन हजारांत चांगलं मिळतं. घेण्याआधी दंडाच्या मध्यावर टेप लावून घेर मोजा. सोबत येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटरचा असतो. दंड त्याहून जाड असेल आणि तोच पट्टा ओढून-ताणून बांधला, तर आकडा उगाच जास्त येतो.

मोजायची पद्धत अशी. चहा, विडी, तंबाखू, चालणं, यांतलं काही केलं असेल तर अर्धा तास जाऊ द्या. सकाळी उठल्या उठल्या मिश्री लावायची सवय अजून पुष्कळ घरांत आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हिरडीतून निकोटिन थेट रक्तात जातं आणि काही मिनिटांत दाब चढतो. मिश्री लावून पाच मिनिटांत मोजलेला आकडा म्हणजे निकोटिनचा आकडा. तेव्हा आधी मोजा. मिश्री सुटली तर फारच उत्तम. निपाणीच्या पट्ट्यात तंबाखूवर घरं चालली हे खरं, पण रक्तवाहिनीला त्याचं कौतुक नाही.

लघवीला जाऊन या. पाठीला टेकू असलेल्या खुर्चीवर बसा. जमिनीवर मांडी घालून किंवा पाटावर बसून नको, पायांची अढी पडली की आकडा वाढतो. तळवे जमिनीला टेकलेले, दंड उघडा, हात टेबलावर छातीच्या पातळीला. हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा चारेक अंकांनी आणि लोंबता सोडला तर सहा-सात अंकांनी जास्त दिसतो, हे २०२४ च्या एका अभ्यासात मोजून दाखवलं आहे. दवाखान्यातल्या गर्दीत उभ्या-उभ्या, बाही दुमडून घेतलेल्या मोजणीवर गोळी वाढवून घेण्याआधी हे आठवा. पाच मिनिटं गप्प बसा. टीव्ही बंद, बोलणं बंद. मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा.

असं सात दिवस, सकाळी गोळी घेण्याआधी आणि रात्री जेवणाआधी. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर डॉक्टरांकडे जा. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र, शहरात सरकारी 'नम्म क्लिनिक', दोन्हीकडे तपासणी फुकट आहे. १२० चं लक्ष्य स्वतःच्या मनाने धरू नका. 'स्प्रिंट'मध्ये मधुमेहाचे आणि आधी अर्धांगवायू होऊन गेलेले रुग्ण घेतलेच नव्हते. गोळी सुरू असलेल्या सत्तरीपुढच्या माणसाचा दाब उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनीही बघा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल, तर रात्री न्हाणीत पडून डोक्याला मार बसण्याचा धोका त्याच गोळीत आहे. डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या.

इथे हटकून दोन चुका होतात. 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळी थांबवणं ही एक. दुसरी एकादशीची: उपवास म्हणून गोळीही उपाशी. रक्तदाबाची गोळी पाण्यासोबत घेतली तर कुठला उपास मोडत नाही. साखरेच्या गोळ्यांचं तसं नाही, त्या उपासाला कशा घ्यायच्या ते आधी विचारून ठेवा.

मिठाचा हिशेब पुडीवर ठेवा. माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. चौघांच्या घरात एक किलोची पुडी निदान ५० दिवस पुरली पाहिजे. पापड, फरसाण, लोणचं बाहेरून येत असेल तर त्याहूनही जास्त. पुडी फोडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहा. तीन आठवड्यांत संपली तर खर्डा आणि सांडग्यांकडे बघा. पोटॅशियमवालं 'कमी सोडियमचं' मीठ दाब उतरवतं, पण मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

कान, आणि मग डोळे

ऐकू कमी येतं त्याला मेंदूची निम्मी ताकद शब्द जुळवण्यात घालवावी लागते, लक्षात ठेवायला उरत नाही. पुढे तो बोलण्यातून अंग काढून घेतो, भजनाला जाणं सोडतो, कट्ट्यावर बसणं सोडतो. आयोगाच्या यादीत बहिरेपणा आणि वाईट कोलेस्टेरॉल ही दोन्ही कारणं सगळ्यांत वरच्या वजनाची आहेत. कानाच्या यंत्राने फायदा होतो का, हे 'अचीव्ह' अभ्यासात (२०२३) ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर तपासलं. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर तीन वर्षांत फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीपासून हृदयाचे वगैरे धोके जास्त होते, त्या गटात बुद्धी ढासळण्याचा वेग ४८ टक्क्यांनी कमी झाला. रक्तदाब किंवा साखर असलेल्याने कानाकडे दुर्लक्ष करू नये, असा त्याचा अर्थ.

घरची चाचणी: आजींच्या मागे दोन फुटांवर उभं राहा, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. त्यांना एका कानाच्या भोकापुढचा उंचवटा बोटाने दाबून तो कान बंद करायला सांगा. कुजबुजत तीन आकडे मराठीतून सांगा, 'चार, नऊ, दोन' असे. तीन वेगळे आकडे घेऊन पुन्हा एकदा करा. सहांपैकी निदान तीन बरोबर ओळखता आले नाहीत, तर आधी कानातला मळ तपासून घ्या. मळ निघाल्यावरही तसंच असेल, तर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची यंत्रावरची तपासणी.

यंत्र घेतल्यावर पुष्कळ लोक ते कपाटात का ठेवतात? पहिल्या आठवड्यात भांड्यांचा खणखणाट, स्वतःचं बोलणं, पंख्याची घरघर, सगळं अंगावर येतं. मेंदू हे आवाज विसरलेला असतो, त्याला सवय व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिले तीन दिवस घरात, शांत खोलीत, एका माणसाशी बोलताना दोन तास. मग रोज एकेक तास वाढवा. लग्नाचा मांडव आणि बाजारपेठ महिन्यानंतर. शिट्टी वाजते ती बहुतेक वेळा कानात बसणारा साचा सैल झाल्याने किंवा मळाने. आवाज कमी करून पळवाट काढू नका, साचा बदलून घ्या. झिंक-एअरचे बटणासारखे सेल असतील तर मागचा कागद काढल्यावर एक-दोन मिनिटं उघडे ठेवा, हवा आत जाऊ दे, मग बसवा. कागद काढला की सेल वापरा न वापरा, संपत जातो, म्हणून चार-चार एकदम सोलू नका. आणि खानापूर, लोंढा, जांबोटीच्या बाजूचा पाऊस यंत्राचा वैरी आहे. जून ते सप्टेंबर रात्री यंत्र, सेलचं दार उघडं ठेवून, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डबीत. तांदळाच्या डब्यात नको, पीठ आत जातं.

दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून कानाचं यंत्र आणि चष्मा मिळतो. तालुक्याला शिबिर कधी आहे ते पंचायतीत विचारा.

डोळ्यांचं थोडक्यात: मोतीबिंदू पिकायची वाट बघण्याचे दिवस गेले. शस्त्रक्रिया केलेल्यांत, न केलेल्यांपेक्षा, स्मृतिभ्रंश सुमारे ३० टक्के कमी दिसला, असं २०२२ च्या अमेरिकी अभ्यासात आहे.

पाय

किती पावलं? ब्रिटनमधल्या ७८,००० लोकांच्या मनगटावर मोजयंत्र लावून केलेल्या अभ्यासात दिवसाला सुमारे ३,८०० पावलांनाच धोका २५ टक्के कमी दिसला आणि ९,८०० च्या आसपास सर्वांत कमी. त्यानंतर वाढवून वाढीव फायदा नाही. म्हणजे दहा हजारांचा धसका घेऊन घरी बसण्यापेक्षा चार हजारांपासून सुरुवात बरी.

वेग महत्त्वाचा. बोलता येतंय पण अभंग म्हणता येत नाही, इतकं दमायला हवं. मिनिटाला साधारण शंभर पावलं पडतात. २०२५ मध्ये निकाल आलेल्या अमेरिकेच्या 'पॉइंटर' अभ्यासात ६० ते ७९ वयाचे दोन हजारांवर लोक होते. एका गटाला नुसता सल्ला दिला, दुसऱ्याला आखलेला कार्यक्रम, ठरलेल्या बैठका आणि हिशेब घेणारा माणूस. बुद्धी दोन्ही गटांची सुधारली, पण आखून दिलेल्या गटाची जास्त. त्यांचं गणित आपल्याकडे सहज बसतं: आठवड्यातून चार दिवस ३० ते ३५ मिनिटं भराभर चाल, दोन दिवस ताकदीचे व्यायाम. बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली सकाळी चालणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यातलेच दोघे गाठा आणि न आल्यास फोन करायचा करार करा. खेड्यात बांधापर्यंत जाऊन यायचं तरी वेळ घड्याळाने मोजा.

ताकदीसाठी जिमची गरज नाही. हात छातीवर आडवे धरून खुर्चीवरून दहा वेळा उठणं-बसणं, थोडं थांबून पुन्हा दहा. ओट्याला हात टेकून टाचा पंधरा वेळा उचलणं. मग ओट्याजवळच एका पायावर दहा-दहा सेकंद. गुडघे फारच बोलत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. 'आम्ही शेतात राबतो, आम्हाला कशाला' असं म्हणणाऱ्यांचं निम्मं खरं आहे. पण बसून केलेली भांगलण म्हणजे दम लागणारी चाल नव्हे. आणि गल्लीतल्या दुकानाच्या गादीवर बारा तास बसणाऱ्याला ही सबबही नाही.

दुचाकीवर मागे बसणाऱ्या आजोबांनाही हेल्मेट. डोक्याचा मार आयोगाच्या त्या चौदा कारणांत आहे.

सीमाभागाची फुकटची कमाई

हैदराबादला २०१३ मध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. दोन भाषा रोज बोलणाऱ्यांत लक्षणं साडेचार वर्षं उशिरा सुरू झाली होती. कधी शाळेत न गेलेल्यांतही असा फरक दिसला, त्यामुळे तो शिक्षणाचा परिणाम म्हणून झटकून टाकता येत नाही. तिसऱ्या-चौथ्या भाषेने मात्र जास्तीचा लाभ दिसला नाही. इथे आजार टळला असं म्हणायचं नाही, लक्षणं उशिरा आली. साडेचार वर्षं घरच्यांना ओळखणं ही काही लहान गोष्ट नव्हे.

घरात मराठी, बाजारात कन्नड, गवंड्याशी हिंदी, हे आपण जन्मभर करतो. मेंदूला ताण पडतो तो भाषा बदलण्याच्या क्षणी: एक दाबायची, दुसरी काढायची. निवृत्तीनंतर नेमकं हेच बंद होतं. माणूस घरात बसतो आणि कन्नड गंजते. ती चालू ठेवायचे रस्ते सोपे आहेत. बाजारहाट स्वतः करा आणि हिशेब कन्नडमध्ये तोंडाने करा. आकड्यांतच खरी कसरत आहे: आपण ५९ ला 'एकोणसाठ' म्हणतो, म्हणजे साठाला एक कमी. कन्नडमध्ये तेच 'ऐवत्तोंबत्तु', पन्नास आणि नऊ. ४९, ५९, ६९, ७९ हे उलटसुलट दोन्ही भाषांत म्हणून बघा. नातवंडं कन्नड माध्यमात असतील तर त्यांच्यासमोर म्हणा, चूक लगेच पकडली जाते.

बोलता येतं पण वाचता येत नाही, अशांनी लिपी घ्यावी. वर्णमालेचा क्रम आपलाच आहे, ३४ व्यंजनं रोज तीनप्रमाणे बारा दिवसांत होतात. अडतं ते तीन जागी. जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लटकतं. रफार आपण डोक्यावर देतो, तिथे तो अक्षरानंतर उजवीकडे येतो, 'कर्नाटक' हा शब्दच बघा. आणि ए, ओ हे ऱ्हस्व-दीर्घ दोन-दोन आहेत, ज्याची आपल्या कानाला सवय नाही. सरावाला एसटी स्टँडवरच्या पाट्या: गाडी यायच्या आत गावाचं नाव लागलं पाहिजे. पाट्यांवरून होणारं राजकारण बाजूला ठेवा, मेंदूला त्यातलं काही कळत नाही. कन्नड शेजाऱ्यांनी याच रीतीने देवनागरी घ्यावी, अदलाबदल केली तर रोजचं बोलणंही होतं.

मोबाइलवरच्या 'ब्रेन गेम'चं काय? अमेरिकेत २,८०० ज्येष्ठांवर झालेल्या 'ॲक्टिव्ह' अभ्यासात स्मरणाचे आणि तर्काचे धडे घेतलेल्यांत दहा वर्षांनी स्मृतिभ्रंश कमी दिसला नाही. डोळ्यांपुढे क्षणभर चमकलेलं चित्र ओळखायच्या, वेगाच्या सरावात तो २९ टक्के कमी होता. शब्दकोडं सोडवल्याने शब्दकोडं सोडवणं सुधारतं. आनंदासाठी जरूर सोडवा.

रक्त आणि गोळ्यांचा डबा

वर्षातून एकदा साखरेची एचबीएवनसी, कोलेस्टेरॉलची लिपिड, थायरॉइडची टीएसएच आणि बी-१२. शेवटच्या दोन्हींच्या गडबडीने येणारा विसराळूपणा उपचाराने परतवता येतो, म्हणून त्या चुकवू नका. बी-१२ माळकरी आणि शाकाहारी घरांत कमी असतंच, मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत आणखी घसरतं. नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहिलात तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांची हानी आत चालूच राहते.

मग डबा उपडा करा. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन आणि झोपेची अल्प्राझोलाम म्हाताऱ्या माणसाला दिवसभर गुंगीत ठेवतात, आणि घरचे म्हणतात 'आता विसरायला लागले'. अल्प्राझोलाम महिनोन्‌महिने चालू असेल तर एकदम तोडू नका, फिट येऊ शकते. डॉक्टरांकडून टप्प्याटप्प्याने उतरवून घ्या. जोरात घोरणं, मधे श्वास थांबणं, दिवसा पेंग हे असेल तर झोपेची गोळी उलट घातक आहे, झोपेतल्या श्वासाची तपासणी हवी. उदास, गप्प माणूसही विसरल्यासारखा वागतो. टेलिमानस १४४१६ वर फोन फुकट आहे आणि भाषा निवडता येते.

दवाखाना कधी आणि कसा

नाव जिभेवर अडकलं आणि तासाने आठवलं, हे वयाचं. ओळखीच्या गल्लीत वाट चुकणं, तोच प्रश्न पंधरा मिनिटांत तिसऱ्यांदा, सुटे पैसे मोजता न येणं, भाकरी आयुष्यभर थापलेल्या हाताला क्रम न सुचणं, यासाठी दाखवा. बेंगळुरूची मेंदू-मनाच्या आजारांची संस्था निम्हान्स आणि कर्नाटक सरकार यांच्या मेंदू-आरोग्य उपक्रमातून जिल्हा रुग्णालयांत वेगळी क्लिनिक सुरू झाली. बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या जिल्हा रुग्णालयात वार विचारून जा. चाचणी मराठीतून घ्या, असं आधीच सांगा. कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत विचारलं तर शहाणा माणूसही नापास होतो. शिक्षण किती तेही सांगा. निरक्षर आजीला 'वाक्य लिहा' म्हणणारी चाचणी चालत नाही.

एक-दोन दिवसांत अचानक बरळणं सुरू झालं तर तो स्मृतिभ्रंश नव्हे. लघवीचा जंतुसंसर्ग, सोडियम उतरणं, नवी गोळी, डोक्याचा मार यांपैकी काहीतरी असतं, त्याच दिवशी न्या.

तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळली, तर घड्याळ बघा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. अथणीहून मिरज आणि निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ. राज्याची हद्द बघू नका, रात्री सीटी चालू असलेलं जवळचं इस्पितळ कोणतं ते आजच फोन करून ठरवा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा. १०८ ला फोन करताना 'शेवटचे धडधाकट कधी दिसले' ती वेळ सांगा, उठवायला गेल्याची नाही. तोंडात पाणी, गोळी, काही घालू नका. गोळ्यांचा डबा आणि रक्तदाबाची वही मात्र सोबत घ्या.